वाघूर आणि छत्री

साखऱ्याला आमचं घर होतं, पण त्या घरात आम्ही वर्षाचे चारच महिने राहायचो. दिवाळी झाली की बा मेंढरं बाहेर काढायचा. माय तट्टावर भांडी, घोंगड्या, एखादं नुकतं जन्मलेलं कोकरू आणि मला चढवायची, आणि आम्ही पूर्णेच्या काठाकडं चालू लागायचो. ज्याच्या रानात मेंढरं बसवली त्यानं खतापायी जवारी द्यायची, हा आमचा संसार. एका वर्षात माझं नाव तीन शाळांत घातलं होतं आणि तिन्ही शाळांत मी गैरहजर होतो.

मी चौथीत असताना एका पावसाळ्यात मेंढरांना जुलाब लागले. पंधरा दिवसांत कळप निम्मा झाला. माय मेलेल्या मेंढीची लोकर कातरत बसायची आणि कातरता कातरता रडायची. बा रडला नाही. तो एवढंच म्हणाला, "आता राह्यलेल्या मेंढरांला आमी दोघं पुरे. तिसरं माणूस शाळंत बसू दे." असा मी हिंगोलीच्या वसतिगृहात गेलो. शिकवायची हौस होती म्हणून नव्हे, मेंढरं कमी पडली म्हणून. हे मी कुणालाही सांगतो, मला त्यात लाज वाटत नाही.

पण वसतिगृहात जायच्या आधी माझ्याकडं एक काम होतं, ते इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं सगळं त्याच्यावर गेलं. मेंढरांभोवती कुंपण म्हणून आम्ही सुताचं जाळं लावतो, त्याला वाघूर म्हणतात. सकाळी ती वाघूर काढायची आणि तिची घडी घालायची, हे काम माझं. घडी नीट नसली की दिवस मावळताना जाळं गुंततं, गुंता सोडवेपर्यंत अंधार पडतो आणि लांडगा काही आपल्यासाठी थांबत नाही. म्हणून मायनं मला शिकवलं होतं: एक वळ इकडं, एक वळ तिकडं, हात न उचलता. शेवटी उरलेल्या दोरीचा गड्ड्याभोवती एक वेढा द्यायचा आणि टोक आत खोचायचं. ती खोच बसली की वाघूर खांद्यावर टाकून दहा कोस चाला, सुटायची नाही.

मी बी.ए. झालो. आमच्या भावकीत, आमच्या आळीत, पार बापाच्या मावसभावांपर्यंत, पहिला. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, अजून आम्ही परभणी जिल्ह्यातच मोडत होतो. हट्ट्याच्या एका शाळेत मला कारकुनाची नोकरी लागली आणि तिथंच पहिल्या आठवड्यात मी ते दृश्य पाहिलं.

गावाबाहेरच्या माळावर एक ट्रॅक्टर चालू होता. मागच्या ट्रॉलीत सात-आठ मोठी माणसं उभी. ट्रॅक्टर पळतोय आणि ही माणसं एकेक करून खाली उड्या टाकतायत, पडतायत, लोळतायत, उठून पुन्हा पळत जाऊन ट्रॉलीत चढतायत. बाजूला खाकी हाफपँट घातलेला एक म्हातारा शिट्टी वाजवून ओरडतोय, "पैर जोडके! पैर जोडके, नालायक! तेरे पैर का भांडण है क्या?"

मी शेजारच्या गुराख्याला विचारलं, "हे काय करून राहिले?"

"छत्री मंडळ हाय," तो म्हणाला. "इमानातून उड्या मारतेत. मारू द्या, आपल्या बापाचं काय जातं."

विमानातून! माझ्या अंगावर काटा आला. मी तसाच, शाळेच्या इस्तरीच्या कपड्यात, माळावर गेलो.

तो म्हातारा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. आयुष्यभर छत्रीनं उड्या मारल्या आणि घरी येऊन त्याला जमीन गोड लागेना. त्यानं फौजेतून बाद झालेल्या सहा गोल छत्र्या कुठून तरी मिळवल्या, शेजारच्या जिल्ह्यातल्या जुन्या धावपट्टीवरच्या उड्डाण क्लबाशी बोलणी केली आणि मंडळ काढलं. वर्षातून दोन वेळा विमान मिळायचं. बाकी वर्षभर ट्रॉली, कडुनिंबाला टांगलेले पट्टे आणि सोयाबीनच्या भुसकटाचा ढीग. सगळे त्याला हवालदारसाहेब म्हणायचे.

"शिकलेला आहेस का?" त्यांनी मला विचारलं.

"बी.ए. हाय साहेब."

"फिर भी कूदेगा?"

सगळे हसले. त्या दिवसापासून मंडळात माझं नाव बी.ए. पडलं.

पहिल्या उडीचं काय सांगू! आजही लिहिताना हात गरम होतो. चार माणसं मावतील एवढं लहान विमान, दरवाजा काढून टाकलेला. छत्रीची दोरी विमानाला अडकवलेली असते; आपण पडलो की ती ओढली जाते आणि छत्री आपोआप बाहेर येते, आपल्याला काही करायचं नसतं, फक्त सोडायचं असतं. फक्त! अडीच हजार फुटांवर मी दारात बसलो, पाय बाहेर, वारा पँटीतून शिरून कानातून निघत होता. हवालदारसाहेबांनी खांद्यावर थाप मारली आणि मी गेलो. एक हजार, दोन हजार, तीन हजार, चार हजार... असं मोजायचं असतं. मी दोन हजारानंतर नुसता "माय, माय, माय" म्हणत होतो. मग खांद्याला हिसका बसला, आवाज बंद, आणि मी टांगलेला. खाली ज्वारीची रानं, एक पाझर तलाव, बैलगाडीची वाट. आणि वाटेवर मेंढरं! वरून पाहिलेली मेंढरं मी पहिल्यांदाच पाहत होतो. सांडलेल्या साळीच्या लाह्यांसारखी दिसत होती. मी आनंदानं इतका ओरडलो की खालच्या मेंढक्यानं वर पाहून काठी हलवली.

उतरलो तो तुरीच्या रानात. खुंटानं पोटरी फाटली. मी लंगडत धावत आलो आणि पहिला प्रश्न विचारला, "साहेब, ह्या छत्रीची घडी कोण घालतं?"

ते म्हणाले, "जिस पे भरोसा होता है, वो."

मला ते हवं झालं. उडी सगळेच मारत होते. मला घडी घालायची होती.

आता मंडळाचं राजकारण सांगतो, कारण जिथं दहा मराठी माणसं तिथं दोन गट, मग ती आभाळात का असेनात. आमच्यात एक गट होता जीपवाल्यांचा. त्यांचा म्होरक्या हट्ट्याच्या मोठ्या जमीनदाराचा थोरला, त्याला सगळे दादा म्हणायचे. ट्रॅक्टर त्याचा, ट्रॉली त्याची, धावपट्टीवर जायला जीप त्याची. दुसरा गट आमचा: दोन मास्तर, एक टपालवाला, एक वायरमन आणि मी. आम्हाला पायदळ म्हणायचे. विमानात आधी कोण बसणार, उतरल्यावर हार कुणाला, गावच्या सभेत खुर्ची कुणाला, सगळ्यावर भांडण. एकदा तर हेल्मेटाच्या रंगावरून दोन महिने बोलणं बंद होतं.

हवालदारसाहेबांनी यावर दोन कायदे केले होते. पहिला: कुणी कोणती छत्री घ्यायची हे चिठ्ठीवर. त्यांच्या जुन्या टोपीत छत्र्यांचे आकडे टाकायचे आणि डोळे मिटून उचलायचा. त्यामुळं घडी घालणाऱ्याला माहीत नसायचं की यावर आपला दोस्त उतरणार की दुश्मन. दुसरा: एखाद्याच्या घडीवर शंका असेल तर खुशाल सांगायचं. पण मग शंका घेणाऱ्यानं खाली राहायचं आणि घडी घालणाऱ्यानं तीच छत्री बांधून त्याच्या जागी उडी मारायची.

साहेबांनी मला घडी शिकवायला घेतली. पांढरं कापड लांब पसरायचं, पाकळ्या जुळवायच्या, खालच्या दोऱ्या एक वळ इकडं, एक वळ तिकडं घेत रबरांत अडकवायच्या. दोऱ्या हातात आल्या आणि मी हसलोच. ही तर वाघूर! माझे हात आपोआप चालू लागले. साहेब मिशीतल्या मिशीत खूश. टपालवाला म्हणाला, "बी.ए., तू मागल्या जन्मी कोळी व्हतास."

पहिली घडी झाली की ती सगळ्यांसमोर ओढून पाहायची रीत होती. दोघांनी छत्री दोन टोकांना धरून उलट्या दिशेला चालायचं. दोऱ्या सरसर सुटत गेल्या पाहिजेत. एका टोकाला दादा, दुसऱ्या टोकाला वायरमन. ते चालले. दोऱ्या सुटल्या, सुटल्या, सुटल्या आणि शेवटी थांबल्या. एक गड्डा तसाच लोंबत राहिला.

साहेबांनी गड्डा हातात घेतला. शेवटच्या वळाला गड्ड्याभोवती एक वेढा होता आणि टोक आत खोचलेलं होतं. सुबक, घट्ट, मायनं शिकवलेली खोच. मला आठवतही नव्हतं मी ती कधी घातली.

मग दादा मोठ्यानं म्हणाला, "वा रे बी.ए.! मानूस खाली पडला तरी छत्री काय सुटनार न्हाई. मेंढरं राखायला बराबर हाय!"

जीपवाले हसले. आमचे मास्तर खाली पाहू लागले. साहेब हसले नाहीत, ते त्याहून वाईट. त्यांनी वही काढली आणि घडीवाल्यांच्या यादीतून माझं नाव खोडलं. "हाथ अच्छा है," ते म्हणाले, "लेकिन आदत जान लेगी."

मी सुट्टी टाकून साखऱ्याला गेलो. बा-माय तेव्हा गावातच होते. मी मायला सगळं सांगितलं, विमानाचंही, जे मी तोपर्यंत लपवलं होतं. बा ताडकन उठला. "इमानातून? काहून? खाली काय कमी जागा हाय?" आणि बाहेर निघून गेला. माय मात्र घडीचंच विचारत बसली. दोरी किती जाड, किती लांब, किती पदर.

मग म्हणाली, "वाघूर आपून खांद्यावर नेतो, म्हून खोचावी लागती. तुझी छत्री तर सुटाया पायजे. मंग खोचतो काहून?"

"मी न्हाई खोचत माय. हातच खोचतो."

"मंग हाताला शिकव."

तिनं माझ्या उजव्या अंगठ्याला काळ्या लोकरीचा दोरा बांधला. घरातली वाघूर अंगणात आणून टाकली. मी घडी घालायचो, शेवटी अंगठा आत वळायचा, दोरा दिसायचा, मी थांबायचो. सात दिवस मी तेच केलं. शेजारीण म्हणाली, "बाई, तुझ्या बी.ए. पोराला येड लागलं का?" माय म्हणाली, "व्हय. पन हळूहळू उतरून राहिलं." सातव्या दिवशी अंगठा वळलाच नाही. मायनं ती बिनखोचेची वाघूर उचलून झटकली, ती सरसर सुटून अंगणभर पसरली. आम्ही दोघं हसत सुटलो. बा दारात उभा राहून पाहत होता. म्हणाला, "आता हिला कोन गोळा करनार?"

त्यानंतरची दोन वर्षं मी मंडळात छत्र्या उचलल्या, धुतल्या, वाळवल्या आणि घडीला हात लावला नाही. उड्या मारल्या, पण घडी नाही. दरम्यान हवालदारसाहेबांची बोटं सांध्यांनी आखडली. त्यांना रबरं ओढवेनात. उड्डाण क्लबानं सांगितलं की परवाना असलेला घडीवाला नसेल तर विमान मिळणार नाही. परीक्षा त्यांच्याच निरीक्षकासमोर द्यायची. मंडळातून दोघांनी नावं दिली: दादानं आणि मी.

मी अंगठ्याला दोरा बांधून गेलो. निरीक्षकानं विचारलं, "ये क्या है?"

"आदत को, साहेब," मी म्हणालो, "यही रोकता है."

त्यांनी घडी घालायला लावली, उलगडायला लावली, पुन्हा घालायला लावली, दिवसभर. मुद्दाम गुंतवलेल्या दोऱ्या दिल्या. गुंता! मला! मेंढक्याच्या पोराला! मी तो त्यांच्या चहाच्या आधी सोडवला. आम्ही दोघंही पास झालो. परत येताना मी दादाच्याच जीपमध्ये होतो. मला हट्ट्याच्या फाट्यावर उतरवलं तेव्हा तो म्हणाला, "परवाना येगळा आन् भरोसा येगळा, बी.ए."

तो खरं बोलत होता. मला तेच खात होतं. कागद माझ्या खिशात होता, पण मंडळातल्या एकानंही अजून माझ्या घडीवर जीव टाकला नव्हता.

हिंगोली जिल्हा वेगळा झाला त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आम्हाला आपल्याच जिल्ह्यात उडी मारायची परवानगी मिळाली. जागा शिरड शहापूरजवळची मोठी मोकळी पड. विमान शेजारच्या जिल्ह्यातून उडणार, इथं आम्हाला सोडणार. आदल्या दिवशी दादानं निम्म्या घड्या घातल्या, मी निम्म्या. प्रत्येक घडीच्या वहीत ज्याची त्याची सही. सकाळी धावपट्टीवर साहेबांनी टोपी पुढं केली.

मी आकडा उचलला. दादाची घडी.

दादानं आकडा उचलला. पाहिला. वहीत पाहिलं. माझी सही.

टपालवाल्यानं खोकून दाखवलं. साहेब शांतपणे म्हणाले, "शक है तो बोल दो. कायदा मालूम है."

कायदा सगळ्यांना माहीत होता. दादानं शंका घेतली तर तो खालीच राहणार, आणि त्याच्या जागी, त्याच्या सगळ्या पाव्हण्यारावळ्यांसमोर, शिरडच्या पडीवर मी उतरणार. पण मला ते नको होतं. देवाशपथ सांगतो, मला त्याची जागा नको होती. मला हवं होतं की त्यानं ती छत्री पाठीला बांधावी.

दादा माझ्याजवळ आला. हळू आवाजात, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाला, "बी.ए., खोच न्हाई ना?"

मी अंगठा वर केला. काळा दोरा. "न्हाई दादा. आन् तुमची?"

"आमच्याकडं मेंढरं न्हाईत. खोच कुठून येईल?"

आणि त्यानं छत्री पाठीवर घेतली. पट्टे त्यानं दोनदा ओढून पाहिले. मीही माझे ओढून पाहिले. त्याच्या घडीवर माझाही पुरता भरोसा नव्हता, हे इथं कबूल करून टाकतो.

विमान वर चढलं. हवालदारसाहेबांनी दारातून रंगीत कागदाची लांब पट्टी सोडली, ती वाऱ्यानं कुठं जाते ते पाहिलं आणि पायलटला हातानं दिशा दाखवली. औंढ्याकडचे डोंगर एका बाजूला, खाली पडीच्या कडेनं माणसांची काळी किनार. त्या माणसांत माझे बा आणि माय होते. बा येणार नाही म्हणाला होता. कळप घेऊन आला होता, म्हणजे आल्यासारखंही नाही आणि न आल्यासारखंही नाही.

दादाचा नंबर आधी. दारात बसून त्यानं एकदा मागं वळून माझ्याकडं पाहिलं. साहेबांनी थाप मारली. दादा गेला.

मी मान बाहेर काढून खाली पाहत होतो. एक हजार. दादा लहान होत चालला. दोन हजार. पांढरं कापड पिशवीतून निघालं, लांब, मिटलेलं. तीन हजार. दोऱ्या सुटत होत्या, एक वळ इकडं, एक वळ तिकडं. माझे वळ! मला ते हातात जाणवत होते. आणि ती उघडली! गोल, भरलेली, पांढरीशुभ्र, जणू कुणी खालून फुंकली. मी विमानात इतका मोठ्यानं ओरडलो की पायलट दचकला. साहेबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि खांद्यावर थाप. मी गेलो.

दादाची घडीही उघडली, झ्याक उघडली. हिसका बसला आणि आभाळ शांत झालं. माझ्या खाली दादा लोंबकळत होता. त्यानं वर पाहिलं आणि शिवी हासडली, आनंदाची. आम्ही दोघं एकमेकांच्या हातच्या कापडाला लटकून शिरडच्या पडीवर उतरत होतो आणि गावच्या बाया खालून "अगं बया, अगं बया" करत होत्या.

दादा पडीच्या मध्यात उतरला. मला वाऱ्यानं कडेला नेलं, थेट बाच्या कळपाच्या अंगावर. मेंढरं चौफेर उधळली. बा काठी घेऊन धावत आला. मला वाटलं मारतो.

"मेंढरं कोन गोळा करनार?" तो ओरडला. मग त्यानं छत्रीचं कापड चिमटीत धरून चोळून पाहिलं आणि विचारलं, "ही घडी तुझी?"

"ही दादाची बा. माझी त्यांच्या पाठीवर व्हती."

तोवर दादा धापा टाकत आला होता. सगळ्या गावासमोर तो बाला म्हणाला, "काका, तुमच्या पोराच्या घडीवर उतरलो मी. काही तकलीफ न्हाई झाली." आणि मग माझ्याकडं वळून, "पुढल्या टायमाला चिठ्ठी टाकायची न्हाई. मला तुझीच पायजे."

"चिठ्ठी टाकायचीच," मागून, आधीच्या फेरीत दादाच्या घडीवर उतरलेल्या टपालवाल्याचा आवाज आला, अगदी हवालदारसाहेबांच्या सुरात, आणि सगळे हसले.

माय शेवटी आली. तिनं माझा अंगठा हातात घेतला आणि दातानं तो काळा दोरा तोडला.

संध्याकाळी हट्ट्याला साहेबांनी वही उघडली, दोन वर्षांपूर्वी खोडलेल्या ओळीखाली माझं नाव पुन्हा लिहिलं आणि पेन माझ्या हातात दिलं. दोन गट पुढंही राहिले, हेल्मेटाच्या रंगावरून भांडणंही झाली. पण त्या हिवाळ्यापासून मंडळ चाललं तोवर मी त्या छत्र्यांच्या घड्या घातल्या, आणि माझ्या घडीवर गेलेला प्रत्येक माणूस आपल्या पायावर चालत घरी आला.